पट्ट्याच्या गियरबॉक्सचें तेल

पुण्याच्या एका भगिनीचें पत्र आलें आहे. घरांत २०१७ सालची होंडा सिटी आहे, सी.व्ही.टी. म्हणतात त्या स्वयंचलित गियरबॉक्सची. आजवर ती ७० हजार किलोमीटर चालली. सासूबाईंना आठवड्यांतून तीनदां डायालिसिससाठीं तिच्यांतून न्यावें लागतें, आणि निदान पांच वर्षें तरी नवी गाडी घेणें शक्य नाहीं. गियरबॉक्सचें तेल मात्र एकदांही बदललेलें नाहीं. मामंजींच्या ओळखीचे मिस्त्री म्हणतात कीं, हें तेल गाडीच्या जन्माचें सोबती, त्याला हात लावूं नये. भाऊजींचा गॅरेजवाला म्हणतो कीं, यंत्र लावून सगळें तेल दाबानें धुऊन काढूं आणि सर्व गाड्यांना चालणारें तेल भरूं, खर्चही निम्मा. घरांत दोन पक्ष पडले असून निवाडा आमच्याकडे सोपविला आहे.

निवाड्यापूर्वीं हें तेल करतें काय तें पाहिलें पाहिजे. साध्या गियरबॉक्समध्यें दांत्यांत दांते अडकून चाकें फिरतात. सी.व्ही.टी.मध्यें दोन कप्प्या असतात. प्रत्येक कप्पी म्हणजे तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन शंकू. शंकू जवळ आले कीं पट्टा वर चढतो, दूर सरले कीं खालीं उतरतो. एकीवर चढला कीं दुसरीवर उतरतो, आणि वेगाचें प्रमाण टप्प्याविना बदलत जातें. हॉलंडमधील हब व्हान डोर्न यांच्या डाफ कंपनीनें १९५८ सालीं ही युक्ति मोटारींत आणली तेव्हां पट्टे रबराचे होते. रबर कोरडें असतांनाच पकड घेतें. तेथें तेलाचें काम नव्हतें. पुढें त्यांच्याच प्रयत्नांतून पोलादी पट्टा निघाला. पातळ पोलादी कड्यांवर ओवलेले शेंकडों लहान तुकडे एकमेकांना पुढें ढकलतात, आणि त्या ढकलण्यानेंच शक्ति एका कप्पीकडून दुसरीकडे जाते. असा पट्टा कोरडा चालविला तर हां हां म्हणतां जळून जाईल. म्हणून तो तेलांत चालतो.

खरें घोडें पेंड खातें तें येथेंच. तेलाचा स्वभाव घसरविण्याचा, आणि येथें तर पोलादानें पोलादाला घट्ट धरावयाचें, तेंही तेलांत भिजून! यासाठीं तेलांत अशीं रसायनें घालतात कीं धातूंची झीज तर होऊं नये, पण पकडही सुटूं नये. शंकू ज्या दाबानें आवळले जातात तो दाब वाहून नेण्याचें आणि उष्णता काढून घेण्याचें कामही त्याच तेलाचें. इतर स्वयंचलित गियरबॉक्सांचें तेल निराळें असतें; तें क्लचच्या चकत्या हळुवार जुळाव्यात अशा बेतानें केलेलें. तें येथें ओतलें तर पट्टा घसरतो, शंकूंवर ओरखडे उठतात, आणि ते ओरखडे मग कोणत्याही तेलानें भरून येत नाहींत.

म्हणून ‘सर्व गाड्यांना चालणारें’ हा शब्द ऐकतांच सावध व्हावें. येथें सब घोडे बारा टक्के चालत नाहीं. या सिटीला होंडाचें एच.सी.एफ.-२ हेंच तेल लागतें. त्याच कंपनीचें जुन्या सी.व्ही.टी.चें तेल एच.एम.एम.एफ.; नांवें भावंडांसारखीं असलीं तरी एच.सी.एफ.-२ च्या जागीं तें घालूं नये. निसानच्या गाड्यांतही एन.एस.-२ आणि एन.एस.-३ हीं दोन निरनिराळीं तेलें आहेत. गाडीच्या पुस्तकांतील नांव आणि डब्यावरील नांव अक्षरशः जुळवून पाहावें. रंगावर भरंवसा ठेवूं नये. (टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांनाही सी.व्ही.टी. म्हणतात, पण त्यांत पट्टा नसून दांत्यांचीं चाकें असतात. हें विवेचन त्यांना लागू नाहीं.)

आतां मामंजींचा पक्ष. तेल जन्मभर टिकतें, पण जन्म कोणाचा व किती, हें कोणी सांगत नाहीं. शहरांतील गर्दींत रांगत चालणें आणि उन्हाळ्यांत भरल्या गाडीनें खंडाळ्याचा घाट चढणें, यांत तेल तापतें. तापून तापून त्यांतील रसायनें क्षीण होतात. अशा चालीच्या गाडीला सुमारें ४० हजार किलोमीटरांनीं तेल बदलावें, असें आमचें मत आहे. पत्रांतील गाडीची वेळ टळून गेली आहे. मात्र गाडी सुरुवातीला थरथरत असेल, किंवा इंजिनाचा आवाज चढूनही वेग चढत नसेल, तर आधीं परीक्षा करवावी; झिजलेला पट्टा नव्या तेलानें बरा होत नाहीं.

दाबाचें धुणें नको. खालचा बोल्ट काढून जेवढें आपोआप वाहील तेवढेंच काढावें. बरेंचसें तेल टॉर्क कन्व्हर्टरांत व नळ्यांत अडून राहतें. समजा एकूण ७ लीटरांपैकीं ३॥ निघालें, तर पहिल्या खेपेस निम्में जुनें उरेल, दुसऱ्या खेपेस चौथा हिस्सा, तिसऱ्या खेपेस आठवा. कांहीं हजार किलोमीटरांच्या अंतरानें दोन-तीन खेपा केल्या कीं काम होतें. निघालेलें तेल मापांत मोजावें आणि थंड झाल्यावर पुन्हां मोजून तेवढेंच नवें भरावें. बोल्टचा वॉशर नवा घालावा. अखेरची पातळी गाडी सपाटीवर ठेवून, पुस्तकांतील रीतीनें, सांगितलेल्या उष्णतेलाच तपासावी, कारण तापलेलें तेल फुगतें. कमी तेलानें पंप हवा ओढतो, अधिक झालें तर तेल घुसळून फेंसाळतें. तळाचा पॅन काढला तर आंतील लोहचुंबक पाहावा. त्यावर राखेसारखी मऊ करडी चिकटी असणें साहजिक आहे. चमकणारे कण दिसले तर मात्र तेल भरण्यापूर्वींच थांबावें.

हें सारें घरच्या कोणीतरी समोर उभें राहून करवावें. भाऊजींनीं जावें हें बरें, आणि डबे मामंजींनीं स्वतः आणावेत. जुनें तेल गटारांत न ओततां गॅरेजांतच जमा करावें. डायालिसिस नसेल तो वार निवडावा, म्हणजे घाईनें पातळी तपासण्याचा प्रसंग येणार नाहीं.