भूगर्भाची साक्ष खरी हवी

मराठवाड्याच्या भूमीला गेल्या अर्धशतकात जितकी छिद्रे पडली, तितकी तिच्या साऱ्या इतिहासात पडली नसतील. कोठे पाण्यासाठी विंधन विहीर, कोठे पुलाच्या वा इमारतीच्या पायासाठी चाचणीचे छिद्र, तर कोठे भूजल दूषित झाले काय याच्या तपासासाठी नमुन्याची विहीर. यंत्राची घरघर एक दिवस कानी पडते आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुढच्या गावी जाते. मागे उरते एक भोक आणि एक कागद. पुष्कळदा कागदही उरत नाही. भोकात डोकावून कोणास काही दिसत नाही. म्हणून त्याच्या नोंदीचा कागद हाच भूगर्भाचा एकमेव साक्षीदार ठरतो. हा साक्षीदार खरे बोलेल अशी व्यवस्था आपण केली आहे काय, असा आमचा सवाल आहे.

आपल्या पायांखालचा काळा पाषाण वरून एकसंध भासतो. पण तसा तो नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो घडला. घट्ट पाषाणाखाली सच्छिद्र मांजऱ्या, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण, असा त्याचा क्रम गावागणिक बदलतो. पाणी सापडते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणूनच एकाच आवारातल्या दोन छिद्रांपैकी एकास पाणी लागते आणि दुसऱ्यातून नुसता धुरळा उडतो. वेरूळच्या कारागिरांनी कैलास लेणे वरून खाली कोरीत नेले, तेव्हा प्रत्येक थर त्यांच्या डोळ्यांपुढे उघडा होत गेला. विंधन करणाऱ्यास हे भाग्य नाही. त्याच्या हाती येतो तो दगडाचा चुरा, किंवा फार तर हिरकणीच्या पात्याने कापून काढलेला दंडगोल गाभा.

या चुऱ्याचा आणि गाभ्याचा अर्थ लावण्यात चूक होण्यास, आणि लबाडी होण्यासही, जागा पुष्कळ आहे. हवेच्या दाबाने वर येणारा चुरा वाटेत वरच्या थरांच्या चुऱ्यात मिसळतो. म्हणून तो कितव्या मीटरावरचा, हे तेथल्या तेथे टिपावे लागते. गाभ्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. दीड मीटर खोदून एकच मीटर गाभा हाती आला, तर उरलेला अर्धा मीटर गेला कोठे? बहुधा तो भुसभुशीत वा भेगाळलेला होता, म्हणूनच पाण्याबरोबर वाहून गेला. म्हणजे जो भाग पेटीत आला नाही, तोच उद्या पायाला दगा देणारा. तेथे ‘गाभा आला नाही’ असे स्वच्छ लिहिणे, यातच नोंद करणाराचे इमान दिसते. तुकडे सैल मांडून पेटी भरलेली दाखविणे मात्र फार सोपे असते. मातीची घट्टता अजमावण्यासाठी ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरांवरून टाकून घाव मोजतात. ते घाव न मोजता कचेरीत बसून अंदाजाने आकडे भरणेही तितकेच सोपे. आधी उत्तर पाहून मग प्रयोगवहीत निरीक्षणे भरणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. त्याच्या वहीने कोणाचे घर कोसळत नाही, एवढाच काय तो फरक.

दोष एकट्या यंत्रचालकाचा नाही. मोबदला बहुधा खोलीवर ठरतो. नोंद करण्यासाठी यंत्र थांबले, तर त्या वेळेचे दाम कोणी देत नाही. ज्या कामास मोल नाही ते काम नीट व्हावे ही अपेक्षाच भाबडी आहे.

खऱ्या नोंदीचे मोल किती, हे मराठवाड्यास वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटर जाडीचा काळा पाषाण, त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग प्राचीन आधारशिला, असा क्रम त्यात आढळला. तो गाभा जपला गेला, म्हणून पुढील कित्येक वर्षे अभ्यासकांना तो पुन्हापुन्हा तपासता आला. याच्या उलट उदाहरण ब्री-एक्स या कॅनेडियन कंपनीचे. इंडोनेशियातील बुसांग येथे सोन्याचे प्रचंड साठे असल्याची तिची द्वाही १९९७ मध्ये फुकट ठरली. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. गाभ्याचा अर्धा भाग राखून ठेवण्याची रीत मोडून तो जवळजवळ सगळाच भरडला गेला होता. दुसऱ्या कंपनीने तिच्या छिद्रांशेजारी आपली छिद्रे घेतली, तेव्हा बिंग फुटले. तोवर लोकांचे अब्जावधी डॉलर बुडावयाचे होते ते बुडालेच.

आपल्या राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अंमलात आला. त्यात विंधन यंत्रांच्या मालकांच्या नोंदणीची तरतूद आहे आणि ६० मीटरांहून खोल विहिरींना आळा घालण्याचाही हेतू आहे. पण छिद्र किती खोल गेले हेच जेथे प्रामाणिकपणे लिहिलेले नाही, तेथे ही मर्यादा मोजावी कोणी आणि कशी? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक छिद्राचे ठिकाण, तोंडाची उंची, खोली, थरांचा क्रम आणि पाणी लागल्याची खोली जागच्या जागी लिहून खाली जबाबदार सही असावी. नोंदीच्या कामाचे दाम वेगळे द्यावे. काही छिद्रे तटस्थ भूवैज्ञानिकाने अवचित तपासावीत. पाण्याचे नमुने घेण्यापूर्वी विहिरीतले साचलेले पाणी उपसावे, आणि काही नमुने खूण न सांगता प्रयोगशाळेकडे दुबार पाठवावेत. सार्वजनिक कामांतील गाभा जतन व्हावा आणि त्याच्या नोंदी नागरिकांस खुल्या असाव्यात.

शेतकऱ्यावर हा नवा बोजा पडेल, असा आक्षेप कोणी घेईल. पण जबाबदारी यंत्रमालकाची आहे, शेतकऱ्याची नव्हे; आणि कोरड्या गेलेल्या एका छिद्रास जो खर्च येतो, त्यापुढे एका कागदाची किंमत ती काय? शेजारच्या शिवारातील दहा कोरड्या छिद्रांची खरी माहिती ज्याला वेळेवर मिळेल, तो अकरावे छिद्र घेण्यासाठी सावकाराच्या दारी जाणार नाही. छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरातही नळाची शाश्वती नसल्याने घरोघरी विंधन विहिरी झाल्या. त्यांपैकी प्रत्येकीने भूगर्भाबद्दल काहीतरी सांगितले. ते लिहून ठेवावयास मात्र कोणी नव्हते. ते ज्ञान यंत्राबरोबर निघून गेले. यापुढे तरी ते जाऊ देणे शासनाला परवडणारे नाही, आणि नागरिकांनाही नाही.