ट्रेलरचं झाकण कोणत्या बाजूने उघडावं?

गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. कुवेतमधला कॅम्पिंगचा हंगाम तोंडावर आला आहे. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकतात, आणि आपली मराठी मंडळीही त्यात मागे नसतात. तंबू, गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन आणि पोह्यांची भली मोठी कढई न्यायला मित्र शुवैखच्या औद्योगिक भागात एक छोटा ट्रेलर बनवून घेतोय. सांगाडा झाला, पेटी झाली. आता मिस्त्रीने विचारलंय, "साहेब, झाकणाची बिजागरी कुठे मारू?"

"तू इंजिनिअर आहेस, दोन मिनिटांत सांगून टाक," मित्र म्हणाला.

मी लगेच सांगितलं नाही. याच प्रश्नाचं उत्तर काही वर्षांपूर्वी मी दोन मिनिटांत देऊन मोकळा झालो होतो आणि नंतर पस्तावलो होतो. म्हणून हा लेख.

माझं झाकण

माझ्या ट्रेलरच्या मागच्या बाजूला जादा चाक आणि कॅन लटकवायची सोय होती. तिकडून झाकण उघडणं अडचणीचं, म्हणून मी मिस्त्रीला सांगितलं, "बिजागरी मागे लाव, पुढून उघडू." तसं झालं. दोन हंगाम काही बिघडलं नाही.

तिसऱ्या हंगामात साल्मीच्या रस्त्याने परत येताना वेग ताशी शंभरच्या आसपास होता. अचानक मागे मोठा आवाज झाला. आरशात पाहिलं तर झाकण उभं. पुढच्या क्षणी एक बिजागरी उपटली गेली आणि झाकण एका कोपऱ्यावर लोंबकळत रस्ता घासू लागलं. मागून येणाऱ्या पिकअपने करकचून ब्रेक मारला. त्यात मागे उघड्यावर पाच-सहा कामगार बसले होते. कुणाला खरचटलंही नाही, पण ते झाकण सुटून त्यांच्यावर गेलं असतं तर, हा विचार अजूनही मधूनच येतो.

मी काय केलं? तंबू सांभाळणाऱ्या बांगलादेशी माणसाला फोन लावून त्याच्यावर ओरडलो. निघताना कडी त्यानेच लावली होती. तो एवढंच म्हणाला, "साहेब, बंद होती. मी ओढून बघितली."

घरी येऊन कडी खोलली. आत वाळू बसली होती. दांडा पूर्ण फिरत होता, पण आतली जीभ जेमतेम अर्धा सेंटीमीटर पुढे जात होती. म्हणजे तो खरं बोलत होता. कडी बंद दिसत होती, हाताने ओढली तर बंद लागत होती, पण बंद नव्हती. त्या कडीवर "टक् आवाज येईपर्यंत दाबा" अशी चिठ्ठी मी चिकटवली होती. इंग्रजीत. त्याला बांगला वाचता येत होतं.

वारा काय करतो

थोडं गणित करू. झाकण १.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. १२ मिलीमीटरचं प्लायवूड आणि चौकट धरून वजन साधारण २० किलो. असं झाकण चालत्या ट्रेलरवर उभं राहिलं, तर ताशी ५० किलोमीटरला त्यावर अंदाजे ३० किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० केला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २० किलोच्या फळीवर १२० किलोचा रेटा. पुढे गाडी असल्यामुळे थोडा आडोसा मिळतो हे खरं, पण झाकण गाडीच्या टपाच्या वर गेलं की तो आडोसा संपला.

त्यात कुवेतचा शमाल, म्हणजे वायव्येकडून येणारा वारा. तुम्ही ताशी ८० ने जाताय आणि समोरून ४० चा वारा आहे, तर झाकणाच्या लेखी वेग १२० आहे. जोर सव्वादोन पट.

आता बिजागरीचा मुद्दा. बिजागरी मागे असेल आणि कडी सुटली, तर झाकणाची मोकळी कड पुढे, वाऱ्याच्या तोंडावर येते. ती बोटभर उचलली गेली की वारा खाली शिरतो. शिरला की ती आणखी उचलली जाते, आणि जास्त वारा शिरतो. चूक स्वतःला वाढवत नेते.

बिजागरी पुढे असेल तर उलट घडतं. झाकणावरून वेगाने जाणारी हवा त्याला किंचित वर ओढते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडे घरांचे पत्रे उडाले, त्यामागे ही वरची ओढही होती. त्यामुळे झाकणाची मागची कड थोडी उचलली जाईल. पण उचलली की झाकण उतरत्या छपरासारखं तिरकं होतं, आणि समोरचा वारा त्याच्या पाठीवर आदळून त्याला खाली दाबतो. झाकण खडखडेल, तुम्हाला ऐकू येईल, तुम्ही थांबाल. चूक वाढत नाही, जागच्या जागी खडखडत राहते.

कुकर आणि विमान

हीच गोष्ट आपल्या ओट्यावर रोज घडते. हॉकिन्सच्या कुकरचं झाकण आतून बसतं. वाफेचा दाब जितका वाढेल तितकं ते काठाला घट्ट दाबलं जातं. आत दाब असताना कुणी ते उघडायला गेलं तरी उघडत नाही. तिथे सूचना वाचावी लागत नाही, वाफच झाकण धरून ठेवते.

प्रवासी विमानांची बरीच दारं याच तत्त्वावर असतात. उंचावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की दाराच्या दर चौरस मीटरवर साधारण साडेपाच टनांचा रेटा येतो. दार चौकटीपेक्षा मोठं आणि आतून बसणारं असेल तर हाच रेटा त्याला बंद ठेवतो. पण आत उघडणारं दार सामानाची जागा खातं. म्हणून डीसी-१० या विमानाचं सामानाचं दार बाहेर उघडणारं केलं गेलं. आता तोच रेटा दार उघडायला टपलेला, आणि त्याला अडवणाऱ्या फक्त कड्या.

१९७२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचं असं दार हवेत निघालं, विमान कसंबसं उतरलं. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसहून लंडनला निघालेल्या टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चं दार निघालं. सामानाच्या कप्प्यातली हवा एकदम बाहेर गेली, वरची जमीन खचली, तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या. विमानातले ३४६ जणच्या ३४६ गेले.

दार बंद करणारा विमानतळावरचा कामगार अल्जीरियाचा होता. दाराजवळची सूचना इंग्रजीत आणि तुर्कीत होती. त्याला तीन भाषा येत होत्या, पण या दोन नव्हत्या. आणि मुळात तो दांडा असा होता की आतल्या कड्या नीट बसल्या नसल्या तरी बंद झाल्यासारखा दिसे.

हे वाचलं तेव्हा मला माझी चिठ्ठी आठवली. त्या दाराशी माझ्या झाकणाची बरोबरी करायची नाही. पण चुकीची जात एकच होती: झाकण उघडायला टपलेल्या जोराच्या दिशेला दार ठेवायचं, सगळा भार कडीवर टाकायचा, आणि कडी नीट लागली की नाही याची जबाबदारी सूचना न वाचता येणाऱ्या माणसावर टाकायची.

पण बोनेटचं काय?

तुम्ही म्हणाल, आपल्या गाडीच्या बोनेटची बिजागरी मागे, काचेपाशीच असते की! बरोबर. इंजिनापाशी पुढून पोचायला ते सोयीचं. पण या सोयीची किंमत मोजलेली असते. आतला खटका ओढल्यावर बोनेट थोडंसंच उचललं जातं, मग फटीत बोटं घालून आपण दुसरा खटका चाचपतो. तो दुसरा खटका म्हणजे ती किंमत. पुढून उघडणारं आणि चालकाची नजर अडवू शकणारं बोनेट असेल, तर अशी दुसरी कडी अमेरिकेच्या वाहनसुरक्षा मानकांत सक्तीची आहे. कारखान्यात हा विचार कुणीतरी करून ठेवलेला असतो. शुवैखमध्ये आपणच कारखाना असतो.

बाजूने उघडलं तर?

माझ्या मित्राला खरं तर बाजूने उघडणारं झाकण हवं होतं, आणि त्याची बाजू लंगडी नाही. लांब कडेला बिजागरी लावली की उभ्या झाकणाची उंची १.८ ऐवजी १.२ मीटर होते. ती फिरवणारा वाऱ्याचा जोर एक तृतीयांशाने कमी होतो, आणि हात वरपर्यंत पोचतो. लांब बाजूने सामान काढायलाही सोपं.

पण त्याने निवडलेला व्हिडिओ ऑस्ट्रेलियाचा होता. ऑस्ट्रेलियात, आपल्या भारतातल्यासारखीच, वाहनं डावीकडून चालतात. तिथे रस्त्याची कड डावीकडे, म्हणून झाकण डावीकडून उघडतं. कुवेतमध्ये तीच नक्कल केली तर सामान काढणारा माणूस रस्त्याच्या कडेला थांबल्यावर धावत्या गाड्यांच्या बाजूला उभा राहील. इथे बिजागरी डावीकडे आणि तोंड उजवीकडे हवं. लंडन, सिंगापूरवाल्यांनी उलटं करावं, अमेरिका-जर्मनीवाल्यांनी कुवेतसारखं.

एवढं सांभाळूनही एक गोष्ट उरतेच. साल्मीकडे जाताना रस्ता साधारण पश्चिमेला जातो, आणि शमाल उजवीकडून येतो. म्हणजे नेमका झाकणाच्या मोकळ्या कडेवर. बाजूच्या बिजागरीत जाताना वारा शत्रू, येताना मित्र. पुढच्या बिजागरीत तुमच्या वेगाचा वारा कायम मित्रच.

उभ्या ट्रेलरचं तंत्र

पुढच्या बिजागरीचा तोटा लपवणार नाही. उघडं झाकण उंच असतं. ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे असेल तर वारा ते तुमच्या डोक्यावर आपटतो, पाठ वाऱ्याकडे असेल तर पलीकडे उलथवून बिजागऱ्या उपटू पाहतो. यावर उपाय आपल्या शेतकऱ्याला विचारावा. वावडीवर उभा राहून उफणणारा माणूस सूप हाती घेण्याआधी वारा बघतो.

हिवाळ्यात कुवेतचे मोठे वारे मुख्यतः दोन. पावसाळी हवा येण्याआधी आग्नेयेकडून कौस, ती सरकली की वायव्येकडून शमाल. कधी एकाच दिवसात दोन्ही. पण ते एकाच रेषेवर, समोरासमोरून येतात. म्हणून ट्रेलर त्या रेषेला आडवा, ईशान्य-नैर्ऋत्य असा लावा. दोन्ही वारे उभ्या झाकणाला कडेकडेने जातील, पाठीवर किंवा पोटावर आदळणार नाहीत. वाळवंटात जागेची कमतरता नाही, ट्रेलर हवा तसा वळवता येतो. महामार्गावर वारा वळवता येत नाही.

आणखी एक. डिकीला असतात तसे गॅसचे दांडे लावणार असाल, तर त्यांचा जोर तापमानाबरोबर दर दहा अंशांना साधारण साडेतीन टक्क्यांनी बदलतो. उन्हाळ्यात दुकानात ताठ उभं राहिलेलं झाकण जानेवारीच्या पहाटे पाच अंशांत हळूच खाली येऊ शकतं. आणि आपण ते वापरणार जानेवारीतच. म्हणून दांड्यांसोबत एक साधी लोखंडी टेकण असू द्या.

तर मग

मित्राला मी कळवलं ते असं. बिजागरी पुढे. मागे दोन कड्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या. कडीची जीभ आत गेली की नाही हे दिसेल असं भोक, आणि जिभेवर लाल रंग: लाल दिसलं तर बसली, नाही दिसलं तर नाही. कोणतीही भाषा नको. झाकण पलीकडे जाऊ नये म्हणून दोन्हीकडे साखळी. जादा चाक मागून काढून पुढच्या दांडीवर.

तो म्हणाला, "चाक हलवायचं म्हणजे वेल्डिंगचे आणखी पैसे."

होतील. मीही तेच वाचवले होते. झाकण कुठून उघडावं हा प्रश्न आपण सोयीचा म्हणून विचारतो: सामान कुठून काढायचं, हात कुठून पोचतो. माझ्या मते तो नेमका उलटा विचारायला हवा. कडी एक दिवस नीट लागणार नाही, हे धरून चाला. त्या दिवशी वारा झाकणाला कुठे नेईल, आणि तिथे कोण असेल?

माझ्या वेळी तिथे पाच-सहा माणसं होती. आणि ज्याच्यावर मी ओरडलो, तो पुढच्या हंगामात परत आला नाही. कडी त्याने बरोबर लावली होती, झाकण मी चुकीचं लावलं होतं, एवढं त्याला सांगायचं राहूनच गेलं.