सडक खुली, फाटक बंद

सुट्टीत कुटुंबासह मोटारीने दूरच्या मनोरंजन उद्यानाला जाणे ही वरवर पाहता निव्वळ खासगी हौस आहे. आईवडिलांनी रजा काढावी, फराळाचे डबे भरावेत आणि मुलांनी आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागू देऊ नये, एवढाच तो व्यवहार. परंतु ज्या अमेरिकेत ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यास रुजली, तेथील इतिहास पाहिला, तर या हौसेमागे तीन गोष्टी उभ्या असलेल्या दिसतात: रस्ता, रजा आणि सर्वांना खुले असलेले फाटक. यांतील एक जरी नसली, तरी सहल घरातच राहते.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. संत्र्यांच्या बागा हटवून उभारलेल्या या उद्यानाची जागा वॉल्ट डिस्ने यांनी सहज निवडली नव्हती. लोकवस्ती कोणत्या दिशेने वाढणार आणि महामार्ग कोठून जाणार, याची तज्ज्ञांकडून पाहणी करवून मगच ती ठरली. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर स्वाक्षरी केली. ४१,००० मैलांच्या या जाळ्याच्या खर्चाचा ९० टक्के वाटा संघराज्य सरकारने उचलला. फ्लॉरिडातील डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये उघडले, तेही मोठ्या महामार्गांच्या सान्निध्यात. म्हणजे परीकथेतला किल्ला खासगी भांडवलाचा असला, तरी तेथवर नेणारी वाट करदात्यांच्या पैशाची होती.

हा कर कृष्णवर्णीय अमेरिकनांनीही भरला. मात्र त्यांच्या प्रवासाचे स्वरूप निराळे होते. वाटेतील हॉटेले आणि उपाहारगृहे, एवढेच काय शौचालयेदेखील, अनेक ठिकाणी त्यांना बंद असत. म्हणून शिदोरीबरोबर पांघरुणेही गाडीत घ्यावी लागत. व्हिक्टर ग्रीन या न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढलेली ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका कोठे आसरा मिळेल हे त्यांना सांगत असे. सुट्टीच्या प्रवासासाठी अशा पुस्तकाची गरज भासावी, यातच त्या समाजव्यवस्थेवरील अभिप्राय सामावलेला आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात एका मनोरंजन उद्यानाचा उल्लेख आहे. अटलांटातील ‘फनटाउन’ची जाहिरात दूरचित्रवाणीवर पाहून सहा वर्षांची मुलगी तेथे जाण्याचा हट्ट धरते, आणि ते काळ्या मुलांसाठी नाही हे सांगताना बापाची जीभ अडखळते. मतदानाच्या आणि शिक्षणाच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नेत्याला पाळण्यांचा आणि चक्रांचा विषय क्षुल्लक वाटला नाही. आपण कमी प्रतीचे आहोत, हा पहिला धडा मुलाला अशाच बंद फाटकापाशी मिळतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे त्या उद्यानाने गाजावाजा न करता वर्णभेद सोडला आणि किंग मुलीला तेथे घेऊन गेले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे येथील भेदभावाला बंदी घातली.

तथापि कायद्याने उघडलेले फाटक किमतीने पुन्हा लोटले जाऊ शकते. १९५५ साली डिस्नेलँडमध्ये प्रौढाला एका डॉलरात प्रवेश मिळे, खेळांचे पैसे वेगळे. आज एका दिवसाच्या तिकिटाला शंभराहून अधिक डॉलर पडतात. रजेचीही तीच कथा. खासगी नोकरांना भरपगारी वार्षिक रजा देण्याची सक्ती करणारा संघीय कायदा त्या श्रीमंत देशात अद्याप नाही.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि २०१३ मध्ये त्याच मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका हे भव्य उद्यान उघडले. कॅलिफोर्नियातील क्रमच येथे गिरविला गेला: आधी सडक, मग स्वप्ननगरी. भारत सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत आहे, शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टी आहे. परंतु रोजंदारीवरील मजुराला सहलीचा दिवस म्हणजे तिकिटाच्या खर्चावर बुडालेली मजुरी.

मुलांची मौज ही चैन नव्हे. सार्वजनिक रस्त्याच्या बळावर जी उद्याने भरभराटीस येतात, त्यांनी वर्षातील काही दिवस जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांसाठी नाममात्र शुल्कात राखून ठेवावेत, आणि शासनाने त्या मुलांना एसटीने तेथवर पोहोचवावे. ही मागणी औदार्याची नाही. रस्त्याला सर्वांचा पैसा लागतो, मग त्याच्या टोकाच्या आनंदात सर्वांच्या मुलांचा काही वाटा असावा, इतकाच हा हिशेब आहे.