नेच्यांची पारख हें शेतकऱ्याचेंच काम

तळ्यावर अथवा भातखाचरांत तरंगणारें कांहींही हिरवें दिसलें कीं आपण त्यास सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळे होतों. वास्तविक त्यांतील कित्येक वनस्पति शेवाळ नसून नेचे, म्हणजे फूल व बी न धरतां बीजाणूंपासून वाढणाऱ्या जाति होत. त्यांची आपसांतील पारख करणें हा पंडितांचा रिकामपणचा उद्योग आहे, असें म्हणणारे शेतकरी बंधु पुष्कळ भेटतात. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे, व त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवावयाचीं आहेत.

प्रथम घरचेंच उदाहरण घेऊं. ॲझोला व साल्विनिया हे दोन्ही पाण्यावरील नेचे एकमेकांचे आप्तच. ॲझोल्याच्या पानाच्या वरच्या दलांत एक पोकळी असून तींत सूक्ष्म नील-हरित जीवाणु वस्ती करतात व हवेंतील नत्र धरून ठेवतात. म्हणूनच चीन व व्हिएतनाम येथील शेतकरी फार पूर्वीपासून भातास खत म्हणून तो वापरीत आले, आणि आपल्याकडेही आतां गुरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यासाठीं त्याची लागवड होते. साल्विनियाच्या अंगीं हा गुण नाहीं. उलट त्यांतील मोलेस्टा या जातीचा थर इतका दाट होतो कीं खालील पाण्यास उजेड व हवा मिळत नाहीं, मासे मरतात, होड्या अडतात आणि पाट तुंबतात. सबब ॲझोला समजून जो ही वनस्पति आणील, तो वैरीच घरांत घेईल.

यावर कोणी म्हणेल कीं एवढा स्थूल भेद ठीक आहे, परंतु साल्विनियाच्या पोटजातींशीं आम्हांस काय कर्तव्य? त्याचें उत्तर करिबानें दिलें आहे. आफ्रिकेंत झांबेझी नदीवरील या धरणांत १९५८ च्या डिसेंबरांत पाणी अडविण्यास प्रारंभ झाला. दुसऱ्याच वर्षीं तेथें साल्विनिया दिसूं लागला, व १९६२ सालीं त्यानें सुमारें १,००० चौरस किलोमीटर पाणी झांकलें. तज्ज्ञांनीं त्यास ऑरिक्युलाटा ही दक्षिण अमेरिकेंतील जाति ठरविलें होतें. त्या समजुतीनें तिच्या मुलुखांतून शत्रुकीटक आणून निरनिराळ्या देशांत सोडण्यांत आले. पण बहुतेक ठिकाणीं म्हणण्यासारखें यश आलें नाहीं.

१९७२ सालीं डी. एस. मिचेल यांनीं ही जाति निराळी असल्याचें दाखवून तिला 'मोलेस्टा', म्हणजे त्रासदायक, असें नांव दिलें. दोहोंच्या पानांवरील केस सारखेच; भेद पाण्याखालीं लोंबणाऱ्या बीजाणुकोशांच्या मांडणींत. पुढें १९७८ सालीं तिचें मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्यें सांपडलें. तेथील एक बारीक सोंडकिडा १९८० सालीं ऑस्ट्रेलियांतील मूनडारा सरोवरांत सोडला, तों वर्षसव्वावर्षांत सरोवर मोकळें झालें. नवल असें कीं हा किडाही आधीं वापरलेल्या किड्याहून निराळ्या जातीचा आहे, हें १९८५ सालीं सिद्ध झालें. केरळांत याच नेच्यास 'आफ्रिकन पायल' म्हणतात. तेथील भातशेतीस व कालव्यांस त्यानें फार गांजिलें होतें. १९८० नंतरच्या दशकांत तोच सोंडकिडा तेथें सोडल्यावर मोठा उतार पडला. नांवांतील एका चुकीनें किती वर्षांचे श्रम वायां गेले, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

मग शेतकऱ्यानें सूक्ष्मदर्शक घेऊन बसावें काय? मुळींच नाहीं. एक रोप उचलून पाहावें. पानें खवल्यांसारखीं बारीक, एकावर एक रचलेलीं, खालीं खऱ्या मुळ्या लोंबत असल्या, तर तो ॲझोला. कडक ऊन, थंडी किंवा स्फुरदाची उणीव यांमुळें तो तांबूस होतो. पानें जोडीजोडीनें, नखाएवढीं वा मोठीं, वरून केसाळ, आणि खालील तपकिरी झुपका मुळांसारखा दिसला, तर तो साल्विनिया. तो झुपका मूळ नसून तिसरें पानच असतें. साध्या भिंगानें केस पाहावेत. त्यांचे शेंडे वर एकत्र जुळून लहानसा पिंजरा झालेला दिसला, तर मोलेस्टाचा संशय धरावा. अंतिम निर्णय मात्र शेतकी महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्रज्ञांवर सोंपवावा, व नमुना पाण्याखालील भागासह पाठवावा, कारण खरी साक्ष तेथेंच असते.

मोलेस्टा वांझ असून तुकड्यातुकड्यांनीं वाढते. जाळ्यास अगर टोपलीस चिकटून आलेला एक तुकडाही तिला पुरे. म्हणून अनोळखी नेचा पाटांत न फेंकतां बांधावर उन्हांत वाळवावा. बियाणें आपण पारखून घेतों. पाण्यावर जें सोडावयाचें, तेंही पारखूनच सोडावें.