काळा पडदा आणि दुरुस्तीचा हक्क

चतुर्थी तोंडावर आलेली असावी आणि घरातील दूरचित्रवाणी संचाने दगा द्यावा. आवाज खणखणीत, पण पडदा मात्र काजळासारखा काळा! आमच्या परिचयाच्या एका घरी असेच झाले. सेवा केंद्राच्या माणसाने संचाची पाठ न उघडताच 'पॅनेल गेले' असा निवाडा दिला व नवा संच घेण्याचा सल्ला देऊन तो निघून गेला. वाड्यावरील एका मेकॅनिकने तोच संच दोन हजारांच्या आत पूर्ववत करून दिला. प्रश्न एका घराचा असता तर त्यासाठी आम्ही लेखणी उचलली नसती.

एलसीडी पडदा स्वतः प्रकाशत नाही. चित्र तो घडवितो. ते उजळविण्याचे काम त्याच्यामागील बॅकलाइट करतो. आजच्या बहुतेक संचांत हा प्रकाश एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांतून येतो. हे दिवे माळेप्रमाणे एकामागून एक जोडलेले असल्याने त्यांतील एक तुटला तरी सारी माळ विझते. म्हणजे काही रुपयांच्या दिव्यापायी हजारो रुपयांचा संच मृत ठरतो. बॅकलाइट नसलेले ओएलईडी संच तेवढे याला अपवाद.

याची परीक्षा कोणासही घरी करता येते. खोलीत अंधार करावा, संच चालू करावा आणि पडद्याजवळ विजेरी तिरपी धरावी. पुसट चित्र दिसले तर पॅनेल जिवंत आहे. दोष बॅकलाइटचा किंवा त्याला वीज पुरविणाऱ्या भागाचा. संच लावताच पडदा क्षणभर उजळून विझत असेल, तरी संशय तिकडेच जातो. काच तडकली असेल तर मात्र दुरुस्ती सहसा परवडत नाही.

निदान सोपे आहे म्हणून दुरुस्तीही सोपी, असा भ्रम कोणी करून घेऊ नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांच्या घरातील दाब काही काळ राहू शकतो. पॅनेलची पातळ काच आणि तिला जोडलेल्या नाजूक फिती एका चुकीच्या दाबाने कायमच्या निकामी होतात. मोठा संच उघडण्यास दोन माणसे आणि मऊ अंथरूण हवे. ज्याचा हात या कामात बसलेला नाही, त्याने विजेरीपाशीच थांबावे व जाणकाराला बोलवावे. पट्ट्या बदलताना मॉडेल क्रमांक, दिव्यांची संख्या व व्होल्टेज जुळलेच पाहिजे. एक दिवा गेला तर उरलेलेही तेवढेच वापरलेले असतात, म्हणून पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे. पुढे बॅकलाइटची तीव्रता थोडी कमी ठेवली तर दिवे कमी तापतात व अधिक टिकतात.

आता मूळ मुद्दा. पूर्वी कित्येक रेडिओंच्या पेटीतच मंडलाचा नकाशा चिकटविलेला असे. आज कारागिराला नकाशा मिळत नाही आणि अस्सल पट्टी मिळविण्यासाठी दारोदार फिरावे लागते. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळही उघडले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून दूरचित्रवाणी संचांचे काही सुटे भाग किमान सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. आपल्याकडे तसे बंधन घालावे, त्यात बॅकलाइटच्या पट्ट्यांचा स्पष्ट समावेश असावा आणि मंडलाचे नकाशे खुले व्हावेत, अशी आमची मागणी आहे. राज्य सरकारनेही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या दुरुस्तीचे अल्पमुदतीचे वर्ग सुरू करावेत.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. परंतु जो संच कचऱ्यात जाण्याचे कारणच नाही, त्याची विल्हेवाट कशी लावावी याचे नियम करण्यापेक्षा त्याला घरातच ठेवणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय? कारागिराच्या हाताला काम, गृहस्थाच्या खिशाला आधार आणि भूमीला कमी भार, हे तिन्ही त्यात साधते. तोवर वाचकांनी एवढे तरी करावे: 'पॅनेल गेले' हे शब्द कानी पडताच नव्या संचासाठी खिशात हात घालण्यापूर्वी विजेरी हाती घ्यावी.