रुपयाचा प्रश्न आणि आपला प्रश्न

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. नोट कुठं छापतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या नोटेची किंमत घसरली की कुणाचं पोट कापलं जातं, हे लंडनमध्ये बसून पुराव्यानिशी मांडणारा माणूस आपल्या चौकात निळ्या कोटात उभा आहे. त्याच्या हातात एकच पुस्तक ठेवलंय. घटना. बाकीची पुस्तकं कुणी काढून घेतली?

मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो. तीन वर्षांत मार्शल आला, केन्स आला. बाबासाहेब एकदाही आले नाहीत. सरांना विचारलं तर म्हणाले, 'ते राज्यशास्त्राला.' म्हणजे अभ्यासक्रमालाही गावकूस आहे आणि आपला बाप त्याच्या बाहेर!

मग ऐका. १९१५ साली कोलंबियाची एम.ए. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. हा माणूस अर्थशास्त्र शिकवतो हे चाललं. पण तो स्टाफच्या माठातलं पाणी पितो हे सहकारी प्राध्यापकांना खपलं नाही. त्याच वर्षी त्यांनी लिहिलं, की शेतीचे तुकडे नुसते जोडून भागणार नाही, जमिनीवरचा माणसांचा बोजा उद्योगात न्या. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. आणि ग्रंथ, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'.

काय आहे त्यात? १८९३ साली इंग्रजांनी टांकसाळी लोकांना बंद केल्या. रुपया पाडणं सरकारच्या मुठीत गेलं. पुढं आलेल्या चलनपद्धतीची केन्सनं १९१३ साली भलामण केली. बाबासाहेब म्हणाले, या पद्धतीत सरकारच्या हाताला लगाम नाही. रुपया वाढेल, भाव चढतील. पौंडाशी दर टिकला म्हणून गरिबाची चूल पेटत नाही. बाजारात रुपयाला काय मिळतं ते बघा. गिरणीमालक ओरडत होते, रुपया स्वस्त करा, देशाचं भलं होईल. बाबासाहेबांनी बुरखा फाडला. हा देशाचा फायदा नव्हे, एका वर्गाचा. भाव चढतात, मजुरी मागं राहते, मधला पैसा मालकाच्या खिशात जातो.

१९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली. आपलेच काही लोक सांगतात, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी एकट्यानं काढली. असल्या दंतकथा आपल्याला नकोत. खरं आहे तेच पुरून उरतं.

१९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ चा. आणि स्वतंत्र भारतात? नेहरूंनी नियोजन खातं देऊ म्हणून सांगितलं. १९५० साली नियोजन आयोग आला, बाबासाहेब बाहेर. मंत्रिमंडळाची आर्थिक समिती झाली, तिथंही बाहेर. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी स्वतः हे सांगितलंय. मी मुळात अर्थशास्त्राचा विद्यार्थी, असं म्हणून सांगितलंय. कायदा लिहायला महार चालला. तिजोरीजवळ नाही चालला.

१९९० साली सरकारनं त्यांचं चित्र असलेलं रुपयाचं नाणं काढलं. छान. रुपयावर बाबासाहेब आले, रुपयाच्या वर्गात नाही आले!

आणि आपले पुढारी? १४ एप्रिलला डीजेला लाखाची वर्गणी गोळा होते. त्याच गल्लीत कंत्राटी सफाई कामगार राहतो. डाळ महागली, त्याची मजुरी जागची हलली नाही. त्याच्या बाजूनं आकडे मांडणारा एक पोरगा आपल्याकडं नाही. मालकाकडं मात्र डझनभर अर्थतज्ज्ञ पगारावर आहेत. बाबासाहेबांना नुसते 'घटनाकार' करून ठेवलं, की हा हिशेब कुणी मागत नाही. त्यांच्या सोयीचं आहे ते.

काळारामाच्या दारापुढं १९३० साली आपली माणसं उभी राहिली. हे दुसरं दार आहे. इथं देव नाही, हिशेबाची वही आहे. ती बघण्यासाठी शिकावं लागेल. विहाराच्या कट्ट्यावर आठवड्याला एक प्रकरण वाचा. शेजारी रेशनचा भाव आणि बापाची पगारचिठ्ठी ठेवा. मग कळेल पुस्तक कशावर आहे.

नोटा छापणाऱ्या गावातल्या पोरांनो, नोटेचा हिशेब विचारायला लागा!