गौरवाच्या यादीत नसलेली मुले

शैक्षणिक वर्ष संपत आले की शाळांच्या वार्षिक अहवालांचा हंगाम सुरू होतो. चंडीगडला नेमणूक झाल्यापासून असे अनेक अहवाल माझ्या हाती आले. बहुतेकांचा साचा एकच आहे. पहिल्या पानावर प्रमुख पाहुण्यांचे छायाचित्र, मग विज्ञान प्रदर्शन, वृक्षारोपण, योगदिन आणि घोषवाक्य स्पर्धा, आणि शेवटी 'आमचे मानकरी'. मध्यंतरी एका मोठ्या शाळेच्या अहवालातील मानकऱ्यांची नावे मी मोजली. ती पन्नासही भरली नाहीत आणि त्यातली काही तर तीन-तीनदा आलेली होती. शाळेच्या पटावर मात्र पंधराशेहून अधिक मुले आहेत. ती वर्षभर काय शिकली, याविषयी त्या अहवालात एकही वाक्य नव्हते.

माझा आक्षेप मानकऱ्यांच्या कौतुकाला नाही. मुलांचे कौतुक झालेच पाहिजे. आक्षेप आहे तो थोड्यांचे यश पुढे करून सर्वांच्या शिक्षणाचा हिशेब टाळण्याला. हा दोष एखाद्या मुख्याध्यापकापुरता असता तर मी लेखणी उचलली नसती. तो शाळेपासून थेट दिल्लीपर्यंत पोचलेला आहे आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण चंडीगडच आहे.

चंडीगडमध्ये 'पीजीआय' म्हटले की लोकांना इस्पितळ आठवते. शिक्षण खात्यात मात्र त्याचा अर्थ परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स, म्हणजे राज्यांच्या शालेय कामगिरीचा निर्देशांक, असा होतो. २०१७-१८ या वर्षाचा पहिला निर्देशांक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गुजरात आणि केरळ यांच्याबरोबर चंडीगड सर्वांत वरच्या गटात होते. शहराला आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण त्या निर्देशांकाची रचना किती जणांनी पाहिली? ७० निकष आणि एकूण १००० गुण. त्यातले मुलांच्या प्रत्यक्ष शिकण्याला १८० आणि प्रशासकीय प्रक्रियांना ३६०. म्हणजे मूल काय शिकले यापेक्षा कार्यालयाने काय केले याला दुप्पट वजन. पुढे हा निर्देशांक नव्याने बांधला गेला. २०२३-२४ मध्ये ७०३ गुण घेऊन चंडीगड 'प्रचेष्टा-१' या श्रेणीत पोचले, आणि त्या श्रेणीत ते एकटेच होते. पण तिच्या वरच्या चारही श्रेणी रिकाम्या होत्या, हे बातम्यांच्या मथळ्यांत फारसे दिसले नाही. वर्गात पहिला आलेला मुलगाही शंभरापैकी सत्तरच गुणांवर असू शकतो, हे आपण आपल्या घरात ओळखतो. सरकारी आकड्यांपुढे मात्र ते विसरतो.

आता खऱ्या परीक्षेकडे वळू. ओईसीडी ही संघटना २००० पासून पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची चाचणी घेते. वाचन, गणित आणि विज्ञान या तीन विषयांत, पाठांतर नव्हे तर शिकलेले वापरता येते का, एवढेच ती तपासते. २००९ च्या फेरीत भारतातर्फे तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. शिक्षणात पुढारलेली म्हणून दोन्ही राज्यांची ख्याती. निकाल लागला तेव्हा ७४ सहभागींमध्ये ही दोन्ही राज्ये तळाच्या तिघांत होती. तिसरा होता किर्गिझस्तान. आपण काय केले? प्रश्न आपल्या संस्कृतीशी जुळणारे नव्हते, असे सांगून पुढच्या फेऱ्यांतून अंग काढून घेतले.

दहा वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, प्रकाश जावडेकर मनुष्यबळ विकास मंत्री असताना, परत येण्याचा निर्णय झाला आणि ओईसीडीशी करार झाला. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंडीगडच्या शाळा २०२१ च्या फेरीत बसणार होत्या. हा निर्णय धाडसी होता आणि त्याचे श्रेय संबंधितांना दिलेच पाहिजे. शिक्षकांची प्रशिक्षणे झाली, सराव-प्रश्न वर्गात आले, कित्येक वर्षांत प्रथमच 'मुलाला वाचलेले समजते का' हा प्रश्न सरकारी बैठकांच्या विषयपत्रिकेवर आला. मग कोविड आला. ती फेरी २०२२ वर गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ८१ देश-प्रदेशांचे निकाल लागले आणि त्यात भारताचे नाव नव्हते.

या माघारीच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद ऐकू येतात ते एकेक तपासून पाहू.

पहिला, प्रश्न परके आहेत. व्हिएतनाम २०१२ मध्ये प्रथमच या चाचणीत बसला. दरडोई उत्पन्न तुटपुंजे, भाषा वेगळी, संस्कृती वेगळी. तरीही गणितात तो ओईसीडीच्या सरासरीच्या वर गेला. बसच्या वेळापत्रकातून योग्य बस शोधणे किंवा औषधाच्या वेष्टनावरील सूचना समजून घेणे यात परके ते काय? आपल्या मुलांना हे रोजच करायचे आहे.

दुसरा, कोविडमुळे शाळा बंद होत्या. त्या जगभर बंद होत्या. उलट, शाळाबंदीने मुलांचे नेमके किती नुकसान झाले हे जाणण्याची ती सर्वांत मोलाची संधी होती. ताप आला म्हणून तापमापक फेकून देणारा वैद्य आपण घरात शिरू देणार नाही.

तिसरा युक्तिवाद असा की चंडीगड म्हणजे भारत नव्हे. हे खरे आहे, पण ते माघारीच्या विरुद्ध जाते. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात मुलाला वेगवान रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून प्रत्येक सेक्टरच्या पोटात शाळा ठेवली गेली. इतकी सोय देशातल्या फार थोड्या मुलांना मिळते. अशा शहरालाही आपण परीक्षेला बसवू शकत नसू, तर गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलांविषयी कोणत्या तोंडाने बोलायचे? आणि खुद्द चंडीगडही एक नाही. उत्तरेकडच्या सेक्टरमधली मॉडेल शाळा आणि धनास, मलोया किंवा मौली जागरणच्या वस्तीतली शाळा यांच्यातले अंतर शहराच्या एका सरासरीत बुडून जाते.

हे सारे का घडते, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण मांडले, त्याचा आशय असा, की एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते माप भरवशाचे राहत नाही. प्रशासनात तीसेक वर्षे काढल्यावर मी त्यात एवढीच भर घालीन, की आपल्याकडे मापही असे निवडले जाते जे फाइलीत सहज भरता येईल. कार्यक्रमाला तारीख असते, खर्चाचे बिल असते, छायाचित्र असते आणि उपयोगिता प्रमाणपत्र जोडता येते. सातवीतल्या एखाद्या मुलीला अपूर्णांक समजला, याचे बिल कोण पाठवणार? म्हणून वरून 'उपक्रम साजरा करा' असे परिपत्रक येते, शिक्षक फोटो पाठवतात आणि अपूर्णांक तसाच राहतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मराठी मंडळींनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. परप्रांतातल्या आपल्या मंडळांत नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांचे गुणगौरव समारंभ आजही होतात. गावाकडच्या बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊन बरीच वर्षे लोटली, पण आपल्या मनातली यादी चालूच आहे. बदलीच्या नोकरीमुळे तीन शाळा आणि तीन भाषा पालथ्या घालून साठ टक्क्यांवर पोचलेले मूल त्या सभागृहात मागच्या रांगेत टाळ्या वाजवत बसते. त्याचा चढ किती मोठा होता हे कोणी मोजले? आपण पालकच शाळेला 'किती पदके?' असे विचारत राहिलो, तर शाळा पदकेच दाखवणार.

टीका करून थांबणे सोपे आहे, म्हणून तीन मागण्या मांडतो.

पहिली, प्रत्येक शाळेच्या वार्षिक अहवालाचे पहिले पान मानकऱ्यांऐवजी सर्व मुलांसाठी असावे. वर्षाच्या आरंभी किती मुलांना आपल्या इयत्तेचा उतारा वाचून समजत होता आणि अखेरीस किती जणांना, एवढे दोन आकडे पुरेत. मुलांची नावे नकोत. सरकारी शाळांसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे कर्तव्य सांगितलेलेच आहे.

दुसरी, जिल्हा किंवा शहर पातळीवर सरासरीबरोबर सर्वांत मागे असलेल्या शाळांची स्थितीही प्रसिद्ध व्हावी. हेतू शिक्षेचा नसावा, तर चांगले शिक्षक आणि जादा निधी प्रथम तिथे जावा हा असावा. मागास ठरण्याची शिक्षा होणार असेल तर आकडे खोटे येतील, हे कोणताही अनुभवी अधिकारी सांगेल.

तिसरी, भारताने 'पिसा'मध्ये बसावे आणि आरंभ चंडीगडने करावा. २०१९ मध्ये हे शहर तयार होते. क्रमांक खाली आला तरी चालेल. २००९ चा निकाल लपवण्यात गेलेली वर्षे सुधारण्यात गेली असती, तर त्या वेळी पहिलीत असलेल्या मुलांना त्याचा लाभ झाला असता. ती मुले आता पदवीधर होऊन नोकऱ्या शोधत आहेत.

वाचकहो, आपल्या मुलाच्या शाळेचा यंदाचा अहवाल हाती आला की त्यातली नावे मोजा, पटावरची संख्या विचारा आणि उरलेल्या मुलांचे काय, असा एक साधा प्रश्न पालक सभेत उभे राहून करा. आपले मूल त्या यादीत असेल, तर हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच आहे.